मीठ ह्यांच्या जिभेचं

१४ जून १९८१
मलिहाबादहून दशहरीची पेटी आली. हे व्हरांड्यात बसून एकेक आंबा नाकाशी धरत होते. "अजून दोन दिवस लागतील," म्हणाले. कापला तर उतरलेला. हसलो दोघं.

आंब्याचं सार केलं, बाराव्या पुस्तकासाठी. मीठ घालायच्या आधी माझी वाटी बाजूला. बी.पी. झाल्यापासून माझं सगळं अळणी. मग चमचा ह्यांच्यापुढे. "अजून एक चिमूट." घातली, तशी लिहिली.

आई नैवेद्य दाखवण्याआधी चाखू द्यायची नाही, ते हातात मुरलं ते मुरलंच. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर लेव्हल टीस्पूनचं, काठोकाठ सपाट चमच्याचं माप शिकवायच्या, चाखा म्हणायच्या. मी तोंडाशी नेल्यासारखं करायची. लग्न झाल्यापासून चाखणं ह्यांच्याकडे. अकराही पुस्तकांच्या प्रस्तावनेत शेवटची ओळ एकच: मीठ ह्यांच्या जिभेचं.

पूर्वी चाखताना डोळे मिटायचे. हल्ली उघडे ठेवतात, माझ्याकडे बघत राहतात. या वयात! बरं वाटलं.

२ ऑगस्ट
लखनौच्या गंज बाजारातल्या हॉटेलात आज मराठी जेवण. भरली वांगी, मसालेभात, आमटी. सगळं नव्या पुस्तकातल्या मापानं. मी तिथे लागले तेव्हा बाई शेफ म्हणून नाकं मुरडली होती या लोकांनी. आज हॉल भरलेला. जाताना जो तो थांबून कौतुक करून गेला. आमच्या बडे मियाँनी, म्हणजे तिथल्या जुन्या बावर्चींनी, वांग्याचा घास घेतला, क्षणभर थांबले, अदबीनं मान झुकवली. "मैडम, नमक ने तो आज हक़ अदा कर दिया."
घरी येऊन ह्यांना सांगितलं. खूश झाले.
वाढपी पाण्याचे जग घेऊन सारखे धावत होते. उकाडाच तसा आहे.

९ सप्टेंबर
क्लास. नव्या कृती बायकांच्या हातून करून घेते, मापं बरोबर उतरतात का ते बघायला. आज पाटोडीचा रस्सा. मिसेस सक्सेनांनी घास घेतला आणि थांबल्या. अगदी बडे मियाँ थांबले तशा. "वाह आंटी, क्या बात है!" आणि माठाकडे गेल्या. मग दुसरी गेली. मग सगळ्याच माठाकडे.

"नमक ज़्यादा है क्या?"
"अरे नहीं नहीं! आपके हाथ का जवाब नहीं."
माझा हात लागलाच नव्हता. त्यांनीच केली होती, माझ्या मापानं.

लखनौत यजमानिणीला तोंडावर कुणी वाईट म्हणत नाही. इतकी वर्षं राहून हे मला कळू नये?

त्या गेल्यावर रश्श्यात बोट बुडवलं. आयुष्यात पहिल्यांदा चाखून बघितलं. तोंड खारट झालं. पण माझ्या जिभेचा काय भरवसा, तिची मिठाची सवयच गेली. ह्यांना काही बोलले नाही. मग कुणाला विचारायचं

३० ऑक्टोबर
नीला दिवाळीला कानपूरहून आलेली. उद्या जाणार. सकाळी हे फिरायला गेल्यावर स्वयंपाकघरात गाठलं तिला. मी मराठीत, ती हिंदीत, नेहमीसारखंच.
"खरं सांग. आमटी खारट होती?"
"आई, पिछली दिवाली से हम लोग दही मिला के खा रहे हैं."
"अगं मग बोलली का नाहीस!"
"मुझे लगा बाबा को ऐसा ही पसंद है. और तुम दोनों उस चम्मच के साथ इतने ख़ुश दिखते हो, यार..."
 फराळाचे डबे भरत राहिली. मागच्या दिवाळीपासून. म्हणजे हे अख्खं पुस्तकच.

४ नोव्हेंबर
वरणात मीठ घातलंच नाही. चमचा पुढे केला. मनातली धाकधूक दिसू नये म्हणून मी हसत होते. ह्यांनी घोट घेतला, माझ्याकडे बघितलं. नीट, सावकाश.
"बरोबर आहे. अगदी बरोबर."
हसले नसते ना मी, कपाळाला आठी घातली असती तर "अजून एक चिमूट" म्हणाले असते.
माझ्या तोंडाकडे बघून चाखतात. मला वाटलं होतं

१७ नोव्हेंबर
मसाल्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या ह्यांच्याच हातच्या. जुन्या चिठ्ठ्यांवर टपोरं, ऐटबाज अक्षर. हे केमिस्ट होते त्या इन्स्टिट्यूटमध्ये पोरं ह्यांचे अहवाल अक्षरासाठी बघायला यायची. काल नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. "जिरे" लिहिता लिहिता अक्षर बारीक होत गेलंय, शेवटी मुंगीएवढं. चष्म्यानंही लागेना.
"अहो, हे काय?"
"शाई महाग झालीय मालू."
हसले मी. हातात बरणी तशीच.

२ डिसेंबर
गंजमधून लोकर घेऊन परतले. फाटकाशीच गॅसचा वास. धावत आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद, बटण पूर्ण उघडं, आणि हे शेगडीशेजारी स्टुलावर पेपर वाचत बसलेले. मांडीवर काड्यापेटी.
"आलीस? चहा ठेवणार होतो. ही बातमी तेवढी वाचून होऊ दे म्हटलं."
बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. पेटी हिसकावून घेताना काड्या फरशीवर सांडल्या. वाकून एकेक गोळा करून दिल्या ह्यांनी.
"एवढं काय झालं?"
बाटलीचं बूच उघडून नुसत्या वासानं रसायन ओळखणारा माणूस.
आता बाहेर जाताना सिलिंडर बंद करून जाते. ह्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलेलंही नाही. हेच जास्त

१९ डिसेंबर
डॉक्टरांचं नाव काढलं. चिडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा आवाज मी ऐकला नव्हता.
"जन्मभर केमिस्ट्री केलीय मी. मला काय झालंय ते मला कळतं."
"काय झालंय?"
"काही नाही."
मग व्हरांड्यात जाऊन बसले. डावा हात खिशात. हल्ली खिशातच असतो. थंडी आहे म्हणतात.

पुण्याहून प्रूफं आली. संक्रांत झाली की परत पाठवायची. प्रत्येक कृतीतलं मीठ कमी करायला हवं. पण प्रूफं दर वेळी हेच वाचतात, पहिल्या पानापासून. पहिलाच बदल बघितला की कळेल. नाही केला तर हे असंच छापून घरोघर जाईल. आणि प्रस्तावनेतल्या त्या ओळीचं काय करू?

७ जानेवारी १९८२
धुकं. दहा वाजले तरी समोरचं घर दिसत नाही.
हे प्रूफं मागताहेत. "कुठे ठेवलीस?" दोनदा विचारलं. कपाटात माझ्या साड्यांखाली आहेत. "पोस्टात अडकली असतील," मी म्हणाले. आधी आल्याचं मीच सांगितलं होतं, ते आठवत असेल तर? ह्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. तसंच, चमच्याच्या वेळी बघतात तसं.

१३ जानेवारी, भोगी
ठरवलं. प्रूफांना हात लावायच्या आधी एकदाच, मला कळायला हवं. माझं चुकत असेल. देवा, माझंच चुकत असू दे.

भोगीची भाजी दोन वाट्यांत काढली. एकीत मीठ बेतानं, एकीत मुळीच नाही. हे स्टुलावर येऊन बसले. पूर्वी ओट्याला टेकून उभे राहायचे, वर येणारी वाफ नाकानं हुंगत, "थांब, गोडा मसाला कमी पडला" असं चाखायच्या आधीच सांगायचे. इथल्याच ओट्याशी.
"आज दोन कशाला?"
"पुस्तकात कुठली द्यायची ते ठरवायचंय. तुम्ही सांगा."
चमचा हातात दिला आणि खिडकीकडे वळले. बाहेर सगळं पांढरं. काच पुसत राहिले, पुसण्यासारखं काही नव्हतं.
मागे एक वाटी वाजली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. चमचा वाटीच्या काठावर टकटकत होता, थांबेना.
मग चमचा खाली ठेवल्याचा आवाज. मी वळले नाही.
"मालू," म्हणाले. "इकडे बघ ना."