संदर्भसूचीतलं नाव

कोरीट,
६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप नानांना,
रंजिताचा साष्टांग नमस्कार वि. वि.

नंदुरबार ते कोरीट एवढ्याशा अंतरात सुनेने सासऱ्याला पत्र लिहावं, याचं तुम्हाला हसू येईल. पण परवा फोनवर मी बोलायला लागले आणि तुम्ही फोन ठेवलात. काल पुन्हा ठेवलात. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय. हेमकांत बँकेतून सुटले की दोन दिवसांआड इकडे येतात, त्यांच्याच हाती देते.

त्यांनी परवा माझ्या शोधनिबंधाची छापील प्रत आणि संपादकांचा मेल आणून दिला. मिरची पथारीवर, म्हणजे उघड्या माळावर, वाळताना तिचा रंग का उतरतो आणि तिला बुरशी कधी धरते, यावर मी तीन हंगाम घालवले. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून, घरचं सगळं करून. मजकूर लिहून झाला होता. मासिकाच्या नियमांप्रमाणे तो बसवायचा तेवढा राहिला होता: समास, ओळींमधलं अंतर, तक्ते, शेवटी संदर्भसूची. तुम्ही म्हणालात, आयुष्यभर इंग्रजी शिकवलंय, माझ्यावर सोड. मी सोडलं, तुमच्या पाया पडले आणि यंदाच्या वाळवणाच्या नोंदी घ्यायला निश्चिंत मनाने माहेरी आले.

आता पहिल्या पानावर लेखिका म्हणून रंजिता हेमकांत पाटील आहे. मी रंजिता झुलाल पाटील लिहिलं होतं. माझे आधीचे तिन्ही निबंध त्याच नावाने छापलेत, लग्नाच्या आधी. आणि तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत. संदर्भसूचीत त्या तीन निबंधांचा उल्लेख होता, तिथेही माझ्या वडिलांचं नाव खोडून आपल्या मुलाचं घातलंत. लग्नाआधी छापलेल्या निबंधांचंही तुम्ही लग्न लावून दिलंत, नाना.

संपादकांना ते निबंध कुठेच सापडले नाहीत. सापडणार कसे? या नावाच्या बाईने ते लिहिलेलेच नाहीत. त्यांनी सरळ विचारलंय की हे संदर्भ लेखिकेने मनाने रचले आहेत काय. वीस तारखेपर्यंत दुरुस्त प्रत चढवली नाही तर ते निबंध बाद करतील. पुढल्या महिन्यात कायम जागेची मुलाखत आहे, ती जागा या निबंधाशिवाय मला मिळणार नाही, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

मासिकाचं खातं तुम्ही तुमच्या मेलवर उघडलंय. पासवर्ड हेमकांतांबरोबर पाठवा. बाकीचं मी करते. आईंना नमस्कार. मोठेपणाने राग गिळाल अशी आशा धरते.

आपली,
रंजिता


नंदुरबार,
८ जानेवारी २०२५

चि. सौ. रंजिता हेमकांत पाटील हिस,
हिलाल दौलत पाटील याचे आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आमच्या घरात सून सासऱ्याला अशा भाषेत लिहीत नाही. परंतु शोधनिबंध लिहिणारी सून आणली म्हटल्यावर तेही वाचून पाहिले. शुद्धलेखन बरे आहे.

तुझा मजकूर माझ्याकडे आला तेव्हा त्याची अवस्था काय होती ते विसरलीस. बाजार समितीत पोते उलटे करून पळून जावे तसा तो माझ्यापुढे टाकला होतास. ओळींना क्रमांक नव्हते. तक्ते मजकुरात घुसले होते. बुरशीची लॅटिन नावे सरळ टाइपात होती. ती तिरपी हवीत, हे वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला इंग्रजीच्या मास्तराने सांगावे लागले. सारांश मर्यादेच्या दीडपट. मी तो कापला, आणि काय कापले ते तू आता शोधूनही सांगू शकणार नाहीस. पाठ धरली, डोळ्यांत पाणी येऊ लागले, तरी कोणाला बोललो नाही. त्याचे हे फळ.

राहिला नावाचा प्रश्न. मी नाव बदलले नाही, दुरुस्त केले. आधार कार्डावर, रेशन कार्डावर, गॅसच्या पुस्तकावर तू रंजिता हेमकांत आहेस. एकाच निबंधात वर एक नाव आणि खाली संदर्भसूचीत दुसरे, हे कोणाही परीक्षकाला खटकले असते. सर्वत्र एकसारखेपणा राखणे हा मांडणीचा पहिला नियम, तो मी पाळला. संपादकाला शोधता आले नाही, यात माझा दोष नाही. आडनाव तर दोन्हीकडे पाटीलच आहे. मधल्या एका नावावरून एवढा थयथयाट करायला तुझ्या वडिलांनी तुला शिकवले असेल, असे मला वाटत नाही. झुलालभाऊ शांत गृहस्थ आहेत.

पासवर्डचे नंतर पाहू. आधी तुझ्या लिहिण्याबद्दल क्षमा मागावीस. आशीर्वाद कायम आहेत, त्यांचा आणि रागाचा संबंध नाही.

हिलाल दौलत पाटील,
निवृत्त मुख्याध्यापक


कोरीट,
१० जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप नानांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

भाषा कडक झाली असेल तर क्षमा करा. मुद्द्याबद्दल मागत नाही.

तुमच्या शाळेतल्या एखाद्या मुलीचं लग्न झालं, आणि तिच्या सासऱ्याने येऊन दहावीच्या जुन्या गुणपत्रिकेवर पेनाने नवं नाव घातलं, तर तुम्ही काय केलं असतं? त्याला ऑफिसात उभा करून असं झापलं असतंत की तो परत शाळेची पायरी चढला नसता. संदर्भ म्हणजे तेच. छापून झालेली गोष्ट आहे ती. तिथे एकसारखेपणा चालत नाही. जे छापलंय तेच लिहायचं असतं, नाहीतर वाचणाऱ्याला तुम्ही चुकीच्या गावाला पाठवता. हे तुम्हाला कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. कळलंय, पण कबूल करवत नाही.

आधार कार्डाचं म्हणाल, तर ते बदलायला हेमकांत मला सेतू केंद्रात घेऊन गेले तेव्हा मी मुकाट गेले. सत्यनारायणाला, ओटी भरायला, तुमच्या बहिणीच्या घरी, सगळीकडे मी रंजिता हेमकांत आहे आणि त्याचं मला दुःख नाही. पण या कामात माझी ओळख आधीच झालेली आहे. मुलाखत घेणारे माझे चार निबंध एकाच बाईचे आहेत का ते पाहतील. मी त्यांना काय सांगू, तीन माहेरचे आणि एक सासरचा?

आणखी एक. प्रत पुन्हा वाचताना आभारांवर नजर गेली. तिथे मी पथारीवर राबणाऱ्या तुळशीबाई आणि कमलीबाई यांची नावं लिहिली होती. त्यांनी हंगामभर आपापल्या ढिगांतून मला रोज मिरच्या उचलू दिल्या, व्यापाऱ्याची बोलणी खाऊन. तुम्ही पथारीवर एकदाच आलात, रुमाल नाकाला लावून शिंकत राहिलात आणि रिक्षा करून घरी गेलात. आता आभारात तुम्ही आहात आणि त्या नाहीत. सारांश कापताना काय गेलं ते मला आठवत नाही, हे खरं. हे मात्र आठवलं.

मला फार राग आलाय नाना. आणि वाईटही वाटतंय, कारण त्या घरात माझं लिहिलेलं वाचणारे तुम्ही एकटेच होता. हेमकांतांना मी विचारलं, तुमचं यात काय म्हणणं आहे. ते म्हणाले, तुम्ही दोघं मिळून ठरवा. चहा प्यायले, कोथिंबिरीची जुडी आईंसाठी घेतली आणि गाडीला किक मारली. आज हे पत्रही तेच नेतील.

वीस तारीख जवळ आलीय. पासवर्ड पाठवा, एवढंच मागते.

रंजिता


नंदुरबार,
१३ जानेवारी २०२५

सौ. रंजिता हिस,

उद्या संक्रांत. तिळगुळाचा डबा हेमकांतबरोबर पाठवत आहे. गोड बोलण्याची अट मी घालत नाही, ती तुला झेपणार नाही.

गुणपत्रिकेचा दाखला दिलास. तीस वर्षे मुलांना मीच असे दाखले देत आलो, तेव्हा ते माझ्यावर चालत नाहीत. मी तुझा निबंध शब्दन् शब्द वाचला, काही पाने रात्री स्वप्नात येतील इतका वाचला. माझ्या मुलाने आजवर त्यातले एक पान उलटलेले नाही. मग वाचणाऱ्याचे नाव आभारात आले तर कोणाचे काय गेले? त्या दोघी बायांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांना कोण सांगणार होते?

आता सरळ सांगतो. निबंध रंजिता हेमकांत पाटील याच नावाने जाईल. या घराने तुला शिकू दिले, नोकरी करू दिली, हंगामात चार चार आठवडे माहेरी राहू दिले. त्या घराचे नाव एका कागदावर यावे, एवढीही माझी कमाई नसेल तर मग मास्तरकी फुकट गेली म्हणायची. ते तीन संदर्भ तुला टोचत असतील तर काढून टाक. हे मान्य असेल तर पासवर्ड मिळेल. मान्य नसेल तर वीस तारीख येईल आणि जाईल. आणि वडिलांच्याच नावाने मिरवायचे असेल तर मिरची वाळल्यावरही त्यांच्याच ओट्यावर राहावेस. आमची हरकत नाही.

तुला एक गोष्ट माहीत नसावी. खाते उघडताना माझी बोटे जड, म्हणून टाइप हेमकांतनेच केले. पासवर्ड त्यालाही पाठ आहे. दोन दिवसांआड तो तुझ्यापुढे बसून चहा पितो. त्याने तुला सांगितला नाही. माझा मुलगा माझ्या शब्दाबाहेर नाही हे मला माहीत होते, तुलाही कळावे म्हणून लिहिले.

हिलाल दौलत पाटील


(तिळगुळाच्या डब्यातली चिठ्ठी)

रंजिता,
हाई चिठी तुन्हा सासराले माहीत नही. मन्हं अक्षर देखीसन हसू नको. घरमा कोनी कोनाशी बोलस नही. तुन्हा सासरा रातदिन त्या कम्प्युटरपुढे बठस, जेवाले हाक मारी तर वरडस. हेमकांतवर राग धरू नको. तो लहानपनपासून तसाच शे, बाप बोलना का मान खाले घालस. तू शानी शे, तूच सोडी दे. नाव मन्हं बी बदलनं, मन्हं काय बिघडनं? मिरची वाळनी का घर ये. तीळगूळ खाय ले.
तुन्ही सासू कौसाबाई


कोरीट,
१७ जानेवारी २०२५

श्री. हेमकांत हिलाल पाटील यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र पोस्टाने पाठवतेय. तुमच्या हाती दिलं असतं तर सवयीने नानांपुढे नेऊन ठेवलं असतंत.

दुरुस्त निबंध गेला. नानांचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी कॉलेजच्या मेलवरून संपादकांना लिहिलं. संदर्भ खरे आहेत, मांडणी करताना माझं नाव बदललं गेलं, असं सांगितलं. जुन्या तिन्ही निबंधांची पहिली पानं जोडली, प्राचार्यांना फोन करून त्यांचं पत्र मागवून घेतलं. पंधराला सकाळी संपादकांनी खातं माझ्या मेलवर करून दिलं आणि झाल्या त्रासाबद्दल त्यांनीच दिलगिरी व्यक्त केली. एवढंच होतं ते. इतके दिवस ज्याच्यासाठी मी नानांची मनधरणी करत होते त्याची गरजच नव्हती.

नानांना सांगा की त्यांची मांडणी मी तशीच ठेवलीय. ओळींचे क्रमांक, तिरपी लॅटिन नावं, कापलेला सारांश, सगळं. ती चांगली होती. माझं नाव आणि ते तीन संदर्भ तेवढे होते तसे केले. आभारात नानांचं नावही आहे, तुळशीबाई आणि कमलीबाईंच्या खाली. हे त्यांना आवडणार नाही, पण काढलं असतं तर खोटं झालं असतं.

आता तुमचं. संपादक मला खोटारडी समजतायत, असं मी तुमच्यासमोर म्हणाले तेव्हा तुम्ही चहात बिस्कीट बुडवत होता. मी डोकं धरून बसले होते. माझ्या आईने तुम्हाला आणखी एक कप दिला, तोही तुम्ही घेतलात. पासवर्ड तुम्हाला पाठ होता.

आई लिहितात, तुम्ही लहानपणापासून असेच. असाल. माझं लग्न लहानपणीच्या तुमच्याशी झालेलं नाही. त्यांनी सोडून दिलं आणि त्यांचं काही बिघडलं नाही, असं त्या म्हणतात. त्यांना मी उलट लिहिणार नाही. नानांवर मी भरपूर चिडले, अजून चिडलेय, पण ते माझ्याशी भांडले तरी. त्यांना माझा निबंध महत्त्वाचा वाटला म्हणून त्यावर आपल्या घराचं नाव हवं होतं. तुम्हाला काय हवं होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

पंधरा तारखेला तुम्ही आलात तेव्हा काम झालेलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. वाटलं, वीस तारीख तोंडावर आलीय, आता तरी तुम्ही स्वतःहून बोलाल. तुम्ही ओट्यावर बसलात, मिरचीचा भाव विचारलात, माझ्या वडिलांशी बोअरच्या मोटरबद्दल बोललात. निघताना माझ्याकडे न बघता विचारलंत, नानांना काही द्यायचंय का. मी नाही म्हटलं. तेव्हा तुम्हाला सुटल्यासारखं झालं, आणि तुम्ही हसलात. ते हसणं मला नानांच्या चारही पानांपेक्षा जास्त लागलं.

पासवर्ड आता नको. न्यायला याल तेव्हा फक्त सांगा की तो का दिला नाहीत. उत्तर कसलंही चालेल, नानांना भ्यालो म्हणालात तरी मी ऐकून घेईन. पण ते तुमच्या तोंडून हवं आणि सगळ्यांसमोर हवं, नानांसमोरसुद्धा. ते जमणार नसेल तर येऊ नका. कॉलेजला मी इथून एसटीने जाईन, कपडे कोणाहाती पाठवलेत तरी चालतील.

माझा लोभ अजून आहे. तुमचा असेल तर तो पत्राने कळवू नका.

रंजिता झुलाल पाटील