कुंताबाईंची पेज

४ जुलै, आंबागड
मला इथलीच शाळा मिळाली. आज मुख्याध्यापक मधुकररावांनी पक्कं सांगितलं. जळगावहून इतक्या लांब येताना धाकधूक होती, पण खोलीही छान आहे. खिडकीतून किल्ल्याची टेकडी दिसते. घरमालकीण कुंताबाई आणि त्यांचा मुलगा भैय्यालाल, दोघंच. तो तुमसरच्या राइस मिलमध्ये जातो. मी पोळी पुढे केली तर कुंताबाईंनी हात मागे घेतला. गहू पोटात गेला की जातं फिरल्यासारखं होतं, लहानपणापासून शिवला नाही म्हणाल्या. वर टोमणा, "तुमच्याकडचे लोक कायले एवढं लाटत बसतात वो मॅडम? भात टाका न मोकळ्या व्हा."

१९ जुलै
रविवार. कुंताबाईंची दुपारची पेज हल्ली मीच करते. नुसत्या तांदळानं कसली ताकद येणार? आज चमचाभर भाजलेली कणीक मिसळली, न सांगता. असले समज असेच मोडावे लागतात. वाटी पुसून खाल्ली. "तुह्या हाताले चव आहे बेटी."

११ ऑगस्ट
कुंताबाईंचे जुलाब थांबत नाहीत. पोट फुगलंय, हातपाय काटक्या. अशक्तपणा म्हणून मी कणीक वाढवली.

२६ ऑगस्ट
भैय्यालालनं भंडाऱ्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, लहान आतड्याचं एक दुखणं असतं. गव्हानं आतडं आतून झिजतं, अन्न अंगी लागत नाही. गहू बंद केला की माणूस सावरतो. भैय्यालालनं छातीठोक सांगितलं, आमच्या घरात गहू शिरतच नाही. मग दुसरीच औषधं सुरू झाली. तो हे सांगत असताना कुंताबाई माझ्याकडे बघत होत्या.  मी कणकेचा डबा फळीवर मागे सरकवला.

३० ऑगस्ट
कणीक उकिरड्यावर फेकली. तरी भिंतीपलीकडून, त्यांच्या पोटातून, ती घरघर येते — दगडावर दगड. भैय्यालालला ऐकू येत नाही.

२ सप्टेंबर
कुंताबाईंनी पेजेची वाटी दूर सारली. हळूच म्हणाल्या, "टाकत होतीस थे टाक न. मले पहिल्याच दिवशी समजलं. परक्या गावची पोरगी, वाईट वाटलं असतं तुले."
भैय्यालालला आज सांगायचंच. तो दारात आला — मी बाजूला सरकून त्याला वाट दिली.

४ सप्टेंबर
कुंताबाईंना पुन्हा दवाखान्यात नेलं. अजूनही सांगितलं तर — फोन लावला. तब्येत विचारली. ठेवला.

६ सप्टेंबर
भैय्यालालचा फोन. कुंताबाई सकाळीच वारल्या. चारपर्यंत देह घरी आणतील. आला की सगळं —
पलीकडे घरघर. त्यांच्या दाराला कुलूप आहे, किल्ली माझ्याजवळ —
दाराखालून रिकामी वाटी आत सरकली. बेटी, भूक लागली म्हणतात —
कणीक फेकली होती मी. डबा काठोकाठ भरलाय.
बाहेर गाडी थांबली. ते आत यायच्या आधी पेज उतरवायला हवी, नाहीतर त्या भैय्यालालला सगळं