टोपली बदलली तर

प्रिय उयेन,

माझं अक्षर बघून हसायचं नाही. नन बायकांच्या शाळेत मी तीन वर्षं बसले, पुढे युद्ध आणि मग जन्मभर कोळंबी. तुला आपली व्हिएतनामी अक्षरं मीच शिकवली, उन्हाळ्याच्या सुट्टीत, ह्याच माझ्या ट्रेलरच्या घराच्या पायरीवर तांदळाचे दाणे मांडून. तेव्हा वाचता आलं नाही ही सबब चालणार नाही. फोन का केला नाही म्हणशील. तुझी आई फोन स्पीकरवर टाकते आणि माझ्या प्रत्येक वाक्याचं शेपूट स्वतःच पुरं करते. मला काय म्हणायचंय ते मला तिच्याकडून कळतं. पत्रात निदान कोणी मध्ये तोंड घालत नाही.

इकडे मोसम उघडला. फादरनी नेहमीसारखं धक्क्यावर उभं राहून बोटींवर पवित्र पाणी शिंपडलं. तुझ्या मामाच्या बोटीवर जरा जास्तच पडलं, आणि नेमकी तीच खाडीच्या तोंडाशी बंद पडली. फादर म्हणाले, देव परीक्षा बघतोय. मी म्हटलं, फादर, देव नाही, तेलाचा पंप. मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पंप मात्र त्यानं बदलला. बाकी माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचं ऐकत नाही. तुझ्या आईचंही ऐकत नाही म्हणून ती आधीच चिडलेली आहे, ते तुला ठाऊक असेलच.

कोळंबी सोलायच्या शेडमध्ये माझ्या शेजारी अजून ओफेलियाच उभी असते. वीस वर्षं आम्ही एका टेबलावर कोळंबीची डोकी मोडतोय. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची स्पॅनिश येत नाही, आणि इंग्रजी दोघींचीही लंगडी, त्यामुळे भांडण कधी पूर्ण होत नाही. ती म्हणते, "म्हातारे, हात चालव, तोंड नको." मी म्हणते, "तुझ्या हातापेक्षा माझं तोंड जास्त काम करतं." तिची पोर मारिसेला तुझ्या लक्षात असेल. नसेल तर सांगतेस कोणाला? तुम्ही दोघी मिळून काठीवर मेलेले जेलीफिश घेऊन माझ्या अंगणात आला होतात आणि मी दोघींना एकाच चपलेनं मारलं होतं. आता ती उंच झाली आहे, बापाचा ट्रक चालवते. रविवारी मला चर्चला नेते, दवाखान्याची पत्रं वाचून दाखवते, आणि डॉक्टरनं मीठ कमी करा असं लिहिलं असेल तर तेवढंच दोनदा वाचते. मला 'आबुएला' म्हणते, म्हणजे त्यांच्यात आजी. माझी सख्खी नात तिकडे ह्यूस्टनला, आणि ही फुकटातली माझ्या डोक्यावर.

मे महिन्यात एका दुपारी ती शेडमध्ये पळत आली. रबरी बूट न घालता, त्या ओल्या फरशीवर. आईला स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. ओफेलियाच्या हातातली कोळंबी तशीच राहिली. मग तिनं एप्रनमध्ये तोंड खुपसलं आणि मुसमुसून रडली, आणि रडून झाल्यावर पोरीला बूट घातले नाहीत म्हणून पाठीत धपाटा घातला. मला वाटलं कोणी गेलं. तर मारिसेलानं मला समजावलं. ह्या राज्याचा कायदा आहे म्हणे की प्रत्येक सरकारी शाळेतली अगदी वरची मूठभर मुलं राज्याच्या मोठ्या विद्यापीठानं न विचारता घ्यायची. शाळा शहरातली असो की आमच्यासारख्या चिखलातली. आमच्या शाळेतल्या तिच्या, म्हणजे तुझ्याच इयत्तेच्या, वर्गातून तिघं जातात. ती तिसरी आहे. पुढचं वर्षभर तिसरी राहिली की झालं. त्या रविवारी ओफेलियानं चर्चबाहेर सगळ्यांना मक्याच्या पानातले तामाले वाटले, फादरना दोन जास्त.

हा कायदा तुला मी काय सांगणार? तुमच्या घरात सध्या दुसरं काही शिजत नाही.

तुझी त्या निवडक शाळेत निवड झाली तेव्हाची मेजवानी मला आठवते. अख्खं भाजलेलं डुक्कर, कुरकुरीत कातडीचं, आणि त्याच्या शेजारी तू, दोघांचे चेहरे सारखेच. तुझी आई नखं रंगवते त्या दुकानातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. चार वर्षांच्या शनिवार-रविवारच्या शिकवण्या, त्यासाठी बदललेलं घर, तुझ्या बापाची दुसरी नोकरी, सगळं त्या दिवशी वसूल झालं असं तुझी आई म्हणाली. "आता पुढची काळजी मिटली, मा. त्या शाळेतली मुलं कुठल्या कुठल्या विद्यापीठांत जातात बघ." मी म्हटलं, "हान, अगं, आपल्या धक्क्यावर तो जाड्या व्यापारी फक्त मोठी कोळंबी विकत घेतो. उद्या तो म्हणाला की माझ्या बर्फात ठेवल्यामुळे ती मोठी झाली, तर तू मानशील?" ती म्हणाली, "मा, तुला ह्यातलं काही कळत नाही. डुक्कर खा." मी खाल्लं. चांगलं होतं.

दोन वर्षं झाली. तुझ्या आईला कळलं की मोठ्या कोळंबीच्या टोपलीत सगळीच मोठी असते. तू मधोमध. नापास नाहीस, मठ्ठ नाहीस, फक्त मधोमध, आणि मधोमधच्यांना तो कायदा ओळखत नाही. मग कोणी तरी बाई दुकानात नखं रंगवायला आली. एका हाताची नखं ओली असताना तिनं सांगितलं, आमच्या मुलाला आम्ही अकरावीला मावशीच्या गावच्या शाळेत घातलं, तिथे तो पहिला आला, सरळ आत गेला. दुसऱ्या हाताची नखं वाळेपर्यंत तुझ्या आईनं ठरवलं होतं की उयेन आजीकडे राहायला जाईल.

मला फोन आला तेव्हा ठरवणं संपलं होतं. मी फक्त इथल्या शाळेत जाऊन सांगायचं की माझी नात माझ्याजवळ राहते. तुझा बाप मधूनच म्हणाला, "मा, यात चोरी काही नाही. नियमातच बसतं." बरोबर बोलतो तो. तुझी आई हिशेबात चुकत नाही, तो गुण तिनं माझा घेतलाय. व्यापाऱ्यापुढे मी मधली कोळंबी बारक्यांच्या टोपलीत घालून वर मोठी म्हणून मांडली, तर तो हसेल आणि वजनकाट्याकडे बोट दाखवील. तुमचं विद्यापीठ काट्याकडे बघत नाही, टोपलीत वर कोण आहे तेवढं बघतं. म्हणून ही युक्ती चालेल. तू आलीस तर ह्या शाळेत सहज पहिली येशील. पहिला दुसरा होईल, दुसरी तिसरी होईल.

आणि तिसरी चौथी होईल. हे तुझ्या आईला मी विचारलं. ती म्हणाली, "मा, ती आपली कोण लागते?"

तिला दोष देऊ नकोस. तिच्या बोटांना त्या रसायनांचा वास इतका बसलाय की भात कालवताना ती चमचा वापरते. तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर तिनंही कायद्याचं कौतुकच केलं असतं.

मी फोनवर तुलाही विचारलं. तू म्हणालीस, "काहीही चालेल, आजी." ते 'काहीही चालेल' माझ्या कानातून जात नाही. नववर्षाच्या जेवणाला तुम्ही आला होतात तेव्हा तू असं बोलत नव्हतीस. आल्या आल्या तू धक्क्यावर पळालीस आणि बाटल्यांत खाडीचं पाणी भरत बसलीस, पाय चिखलात, नवा पोशाख गेला तो गेलाच. मग पानात बांधलेला चिकट भात सोडताना तू मला सांगत होतीस की जास्त पाऊस झाला की नदीचं गोडं पाणी खाडीत येतं, कालवं कशी मरतात, किती खारट असेल तर जगतात, आणि तुमच्या शाळेत ते मोजायचं यंत्र आहे, आणि तुझ्यासारखीच वेडी आणखी तीन पोरं रात्री घरी जायचं नाव घेत नाहीत, शिपायाला दिवे विझवून हाकलावं लागतं. मला अर्धं कळलं नाही. पण तू हातातलं पान विसरलीस, भात गार झाला आणि माश्या बसल्या, तरी बोलतच होतीस. तेवढ्यात तुझ्या आईनं विचारलं, "आणि वर्गात कितवी आलीस?" तू पान उचललंस आणि जेवायला लागलीस.

तेव्हा मला वाटलं, ती शाळा विद्यापीठाच्या दारापर्यंत नेते की नाही ते देव जाणे. पण जिथे आपल्यासारखी वेडी भेटतात ती जागा फक्त पुढच्या दारासाठी असते असं थोडंच आहे? आमच्या शाळेत खारटपणा मोजायचं यंत्र नाही. इथे आम्ही जिभेनं मोजतो.

आता पत्राचं कारण. आज सकाळी मी इथल्या शाळेत गेले. मारिसेलाच मला सोडायला आली. कशाला जातेय हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. गाडीत ती रेडिओवर गात होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. कचेरीतली बाई ओळखीची, तिच्या नवऱ्याची बोट मामाच्या शेजारी लागते. ती म्हणाली, "तुमच्या मुलीचा फोन आला होता. नात तुमच्याकडे राहते ना?" मी म्हटलं, नाही. राहत नाही. सुट्टीत येते आणि घाण करून जाते. ती हसली, मी बाहेर आले. रविवारी तुझी आई मला फोन करील आणि काय काय बोलेल ते मला पाठ आहे. तुला सांगेल की आजीला तू नको होतीस, परकी पोर जवळची वाटली. ते तिच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक, म्हणून आज मामाची फाटकी जाळी शिवायची बाजूला ठेवून हे लिहायला बसले. तुझी खाट तशीच आहे, गादी उन्हात घातली आहे, केव्हाही ये. पण मला नाही म्हणायचा जेवढा हक्क आहे तेवढा तुलाही हो म्हणायचा आहे. मारिसेला शनिवारी मावशीकडे ह्यूस्टनला येतेय, तिच्या हाती हे पत्र आणि बाटल्या पाठवतेय. परवाच्या पावसानंतर मी स्वतः धक्क्यावर वाकून भरल्यात. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. ते पाणी शाळेत नेऊन मोज आणि कालवं जगतील का ते मला कळव. आणि इथेच यायचं असं तुझ्या स्वतःच्या मनात असेल, आईच्या नव्हे, तर पाणी ओतून दे आणि मला सांग. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन माझा शब्द मागे घेईन, लाज वाटली तरी. फक्त मग मारिसेलाला तू सांगायचं, तिच्याकडे बघून. ती आत्ता तुझ्या दारात उभी आहे. तिला आधी पाणी तरी विचार.

तुझी आणि थोडी तिचीही,
आजी