शेऱ्याचा अरुंद रकाना

बी-९, मंदार सहनिवास,
मुलुंड (पूर्व).
बुधवार, सकाळी अकरा वाजता.

श्री. जयवंतराव यांस,

नंदकुमारचा सप्रेम नमस्कार. तुमच्या मानेचा पट्टा एव्हाना निघाला असेल अशी आशा करतो. सौ. जानकीवहिनींनी पाठवलेले कुळथाचे पीठ पोहोचले (पिठल्यात गुठळ्या झाल्या, परंतु तो दोष पिठाचा नव्हे). माझी प्रकृती उत्तम आहे. भूक लागते, झोप लागते, आणि इमारतीतील मंडळी दिवसातून किमान दोनदा याच दोन गोष्टींची चौकशी करतात, तिला मी नियमितपणे उत्तरही देतो. चेंबूर मुलुंडपासून एवढे जवळ असताना मी हाताने पत्र का लिहीत आहे, असे तुमच्या मनात येईल. दूरध्वनीवर काही विषय नीट मांडता येत नाहीत, आणि संगणक तर सध्या मोकळाच नाही. तो का मोकळा नाही, ते ओघाने येईल.

तुमच्या ताईने तळमजल्यावरच्या खोलीत अकरा वर्षे वाचनालय चालवले आणि तुम्ही तिला त्यासाठी संगणकावर सभासदांची यादी तयार करून दिलीत, हे मी तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारीत ती गेली. जूनमध्ये सोसायटीच्या समितीने हंगामी व्यवस्थापक म्हणून माझी नेमणूक केली. मला हे पद जड जाईल असे कोणालाही वाटले नाही, मलाही नाही. घाटकोपरच्या महाविद्यालयात एकतीस वर्षे मी कार्यालय अधीक्षक होतो, आणि शिवाय या वाचनालयाचा सभासद क्रमांक एक आहे. अकरा वर्षांत मी ४१२ पुस्तके नेली, वाचली आणि परत केली, त्यांतील एकही एका दिवसानेसुद्धा उशिरा नाही. असा दुसरा वाचक या इमारतीत दाखवावा.

आता तुमच्या यादीविषयी. (हे टीका म्हणून घेऊ नये. तुमचे कौशल्य वादातीत आहे.) आमच्या कार्यालयात नोंदवहीतील चूक दुरुस्त करण्याची एक रीत होती. चुकीच्या मजकुरावर लाल शाईची एकच रेष मारायची, खालचे वाचता येईल अशा बेताने. वर योग्य मजकूर, बाजूला आद्याक्षरे आणि तारीख. ज्याने हे पाळले नाही त्याला मी केबिनमध्ये बोलावीत असे. तुमच्या यादीत मात्र ओळीवर एक टिचकी मारली की ती निळी होते, थोडे थांबून दुसरी मारली की त्याच जागी पांढरी चौकट उघडते, आतला सगळा मजकूर निळ्या पट्ट्यात उभा राहतो, आणि तुम्ही एक अक्षर टाइप केले की तो सगळाच्या सगळा नाहीसा होतो. ना रेष, ना आद्याक्षरे. जिथल्या तिथे माणूस बदलतो आणि आधी कोण होते याचा मागमूस राहत नाही. एवढी सोय मला थोडी असभ्य वाटते. तरी मी ती आत्मसात केली. एंटर दाबले की नोंद पक्की होऊन खालची ओळ आपोआप उघडते, हे तर मला फारच आवडले, कारण त्यामुळे पडद्याकडे पाहण्याची गरजच उरत नाही. टंकलेखनाच्या वर्गात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले होते की नजर मूळ प्रतीवर ठेवावी, अन्यत्र कुठेही नको.

यादी वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तुमच्या ताईने सभासदांची नावे घरी हाक मारावी तशी लिहिली होती: अक्षता, नंदा, प्रीतम, रुक्मिणी. एका नोंदणीकृत सोसायटीच्या वाचनालयाने बहात्तर वर्षांच्या रुक्मिणी सावंत यांना नुसते ‘रुक्मिणी’ म्हणावे, हे मला योग्य वाटेना. मी कपाटातील सभासद अर्ज काढले. त्रेसष्ट अर्ज. यादीतही त्रेसष्ट ओळी. अर्जांवरून मी कागदावर वर्णानुक्रमे पूर्ण नावे उतरवली, प्रत्येकाआधी श्री., सौ., श्रीमती किंवा कुमारी लावले, आणि यादी उघडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, नजर कागदावर ठेवून, एका बैठकीत त्रेसष्ट नावे टाइप केली. पंचवीस मिनिटे लागली. यादी बंद करून पुन्हा उघडली तेव्हा सर्व पुरुष ‘श्री.’खाली आणि सर्व विवाहित स्त्रिया ‘सौ.’खाली शिस्तीत एकत्र आल्या होत्या. मला समाधान वाटले. मी लगेच यादीची प्रत छापली आणि कोणाकडे कोणते पुस्तक आहे हे सर्वांना कळावे म्हणून फलकावर लावली. शेवटच्या रकान्यात तुमच्या ताईचे शेरे होते. ते मी काढले नाहीत. दप्तर हे दप्तर असते.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता वाचनालय उघडले तेव्हा फलकासमोर एवढी गर्दी होती की मला वाटले, वाचनाची आवड वाढली. प्रीतम (ए-११, व्यायामशाळेत शिकवतो) कंबरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या नावापुढे शेरा होता: ‘पुस्तकात खूण म्हणून कढीपत्ता ठेवते. वास जात नाही.’ तो म्हणाला, “काका, कढीपत्ता? मी? अहो, माझ्या घरात गॅसपण नाही!” सौ. स्वरदा यांच्यापुढे ‘चहाचे डाग. विचारले की आधीच होते म्हणतो’ असे होते आणि त्या गेली वीस वर्षे चहा घेत नाहीत. रुक्मिणीताईंनी चष्मा पुसून कढीपत्त्याची ओळ दोनदा वाचली आणि सर्वांसमोर म्हणाल्या, “ती मी. कढीपत्ता माझा. वसुधाने मला तोंडावर सांगितलं होतं, तेव्हाही मी ऐकलं नव्हतं.” मग इतरांनीही आपापला शेरा शोधायला सुरुवात केली. ‘हा माझा, हा नक्की माझा’ असे ओरडत माणसे परक्या नावांसमोर बोटे ठेवीत होती. मोठ्याने हसतही होती. मी तेथे होतो, आणि तुमची ताईही तेथे असल्यासारखे काही क्षण वाटले, हे नोंदवून ठेवतो.

स्वतःची ओळ मी तपासली नव्हती, कारण स्वतःच्या नोंदीविषयी मला शंका नव्हती. ती हर्षद यांनी तपासली. (सी-२ मधील हर्षद शहा. चहाचे डाग त्यांचे.) ते म्हणाले, “नंदकुमारकाका, तुमच्या नावापुढे लिहिलंय, शेवटचं पान आधी वाचते. ही तर आमची नंदा! आणि माझ्यापुढे काय आहे बघा ना. पुस्तके वेळेवर आणतात, पण… पण काय? पुढे टिंबं आहेत. पुढचं कुठे गेलं?” पुढचे कुठेही गेले नव्हते. शेऱ्याचा रकाना अरुंद आहे; न मावलेला मजकूर तुमची यादी तीन टिंबांच्या आड ठेवते. परंतु हर्षद यांनी आजवर एकही पुस्तक वेळेवर आणलेले नाही, हे मला ठाऊक होते. मी त्या ओळीतील खोली क्रमांक पाहिला. बी-९.

चूक कोठून सुरू झाली, ते रुक्मिणीताईंनी शोधले. खणात तुमच्या ताईने गेल्या वर्षी छापलेली जुनी प्रत होती. तिच्यात ‘न’खाली नंदा होती, नंदकुमार नव्हता. मी पार तळाशी, हर्षदच्याही खाली होतो. नावाच्या रकान्यात लिहिले होते: ‘हे’. बेचाळीस वर्षांत तिने माझे नाव कधी घेतले नाही, ते यादीतही घेतले नव्हते. माझ्या कागदावर मात्र मी जातीने ‘न’मध्ये हजर होतो. त्यामुळे नंदाच्या ओळीत मी शिरलो, नंदा पुढच्या ओळीत ढकलली गेली, आणि तेथून प्रत्येक माणूस एकेक घर खाली सरकत अखेरीस हर्षद माझ्या घरात आले. एकूण संख्या त्रेसष्टच राहिल्यामुळे मला काही आढळले नाही. त्याच संध्याकाळी जुन्या प्रतीवरून सर्व नावे आम्ही पूर्ववत केली, तीही तिने लिहिली होती तशीच. ‘हे’ हा शब्द मी माझ्या हाताने टाइप केला. त्याआधी ‘श्री.’ लावून पाहिले. शोभत नाही.

मग रुक्मिणीताई गेल्या आणि मी ‘पण…’कडे पाहत बसलो. जुन्या छापील प्रतीतही तेथे टिंबेच होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला जे सांगायचे ते स्पष्ट सांगितले, असा माझा समज होता. पुढचे वाचायचे तर चौकट उघडायला हवी. मी एक टिचकी मारली, थांबलो, दुसरी मारली. चौकट उघडली. मजकूर निळा झाला, तरी मावेना. आणि येथे, जयवंतराव, माझ्या एकतीस वर्षांच्या सवयीने घात केला. यंत्रासमोर बसल्यावर आधी अंगठ्याने स्पेसची पट्टी एकदा दाबून पाहायची, ही टंकलेखकाची सवय. मी दाबली. सगळा मजकूर गेला. रिकामी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारी एक उभी रेघ, एवढेच उरले.

स्थिती माझ्या पूर्ण नियंत्रणात आहे. एंटर दाबले तर रिकामी जागा पक्की होईल. दुसरीकडे कोठेही टिचकी मारली तरी तेच होईल. एस्केप दाबले तर जुना मजकूर परत यावा. पडद्याच्या कडेला तुमच्या ताईने चिकटवलेल्या चिठ्ठीत ‘एंटर म्हणजे झालं, एस्केप म्हणजे जाऊ दे’ असे स्वच्छ लिहिले आहे. म्हणून सोमवारपासून मी काहीही दाबलेले नाही. कीबोर्डवर पोळ्यांच्या डब्याचे झाकण पालथे घातले आहे, माउस रुमालात गुंडाळला आहे, आणि ‘स्पर्श करू नये. हंगामी व्यवस्थापक’ अशी पाटी लावली आहे. केर काढणाऱ्या शीतलबाईंना टेबलापासून चार हात दूर राहण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी “काका, आत साप आहे का?” असे विचारले. पुस्तकांची देवघेव तूर्त कागदावर चालू आहे. लाल शाईही आणली आहे. कामकाज कोठेही अडलेले नाही.

शनिवारी सकाळी दहा ते एक उद्वाहकाच्या दुरुस्तीसाठी इमारतीची वीज बंद राहील, अशी सूचना आज लागली आहे. संगणकाच्या बॅटरीची पेटी बारा मिनिटे तग धरते. त्यानंतर त्या चौकटीत काय राहील, हे तुम्ही अधिक जाणता.

वडीलधाऱ्यांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद, आणि मानेची काळजी घ्यावी.

तुमचा,
नंदकुमार

ता. क. – शनिवारी दहाच्या आत येऊन जावे, ही विनंती. पत्राचा मूळ हेतू हाच. दूरध्वनीवर “भाऊजी, टेन्शन घेऊ नका, बिनधास्त दाबा, काही होत नाही” असे म्हणू नये. मागच्या तिन्ही वेळी काही ना काही झाले होते.

ता. क. २ – एस्केप दाबण्याइतपत मला येते. तेवढ्यासाठी कोणी चेंबूरहून येण्याची गरज नाही, हे मलाही कळते. परंतु चौकट उघडी आहे तोवर तिचे माझ्याशी एक वाक्य बोलायचे बाकी आहे. ते एकदा वाचले की संपेल. शिवाय ‘पण’च्या पुढे काय असेल याचा अंदाज मी तीन दिवस करीत आहे, आणि एकही अंदाज माझ्या बाजूचा नाही. म्हणून शेजारी कोणी असावे, एवढेच.

ता. क. ३ – पाकीट चिकटवण्याआधी हे लिहीत आहे. संध्याकाळी रुक्मिणीताई पुस्तक परत करायला आल्या (आत कढीपत्ता होता). पोळ्यांचे झाकण पाहून त्यांनी विचारले, मी सांगितले. त्या वसुधाच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “दाबा. मी बसलेय इथे.” मी दाबले. परत आले. चौकटीत शेवटपर्यंत उजवीकडे सरकत जाऊन वाचले. तुमच्यासाठी अक्षरशः उतरवून देतो: ‘पुस्तके वेळेवर आणतात, पण वाचत नाहीत. मी इथे असते म्हणून येतात. बोलू नये. यायचे बंद होतील.’

तेव्हा शनिवारी येण्याची आवश्यकता नाही. रविवारी मात्र सहकुटुंब यावे आणि शेऱ्याचा रकाना रुंद करून द्यावा. पिठले मी करीन. वाचनालय पूर्वीप्रमाणे सहा ते आठ उघडे राहील. पहिल्या कपाटातील पहिले पुस्तक आज माझ्या नावे, म्हणजे ‘हे’ यांच्या नावे, दिले आहे. नवव्या पानावर आहे.

वर दुसऱ्या परिच्छेदात मी ४१२ पुस्तके ‘वाचली’ असे विधान केले आहे. त्या एका शब्दावर आत्ताच लाल शाईची रेष मारली आहे, खालचे वाचता येईल अशा बेताने. बाजूला आद्याक्षरे व तारीख घातली आहे.