नाल्यापाशी खणलेला खड्डा

मालेगाव (जि. अकोला), ९ मे १९३९

दर आषाढात नाल्यापाशी आमची दोन बैलांची दमणी रुतायची. मग हे नि मी आतच बसून भाजलेल्या शेंगा खायचो.

आता तिथे डांबर आहे, पण भेगाळलेलं. नवा थर देण्याआधी ओव्हरसियर आज तपासायला आला. मी पायाची शंका काढली, तेव्हा एक खड्डा खणवला आणि खालच्या काळ्या मातीवर टाच आपटली.

"बाई, दगड हाये हा. तुमी कायले घोर करता?"

वैशाखात काळी माती दगडच असते. पावसात तिचा चिखल होतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला ठाऊक नसेल? नुसती टाच आपटून निकाल... श्रावणात माझी लीला बाळंतपणाला त्याच रस्त्याने मोटारीतून येणार.

आणि संध्याकाळी रस्त्याच्या ठेकेदाराकडून मला आंबे कशाला?

उद्या त्या मातीचं ढेकूळ अकोल्याच्या इंजिनियरसाहेबांकडे पाठवायचं, पाण्यात टाकून पाहा म्हणावं. ओव्हरसियरला चहा द्यायचा. आंबे ठेकेदाराला परत, सगळे.