उत्तराची पाळी

ता. २ फेब्रुवारी

चि. मुन्नीस, सलाम व पुष्कळ दुआ.

तुझं पत्र पोचलं. मला फोनवर बोलता येत नाही म्हणून तू लिहायची शिस्त लावून घेतलीस, बरं केलंस. तुझी अम्मी असती तर म्हणाली असती, या माणसाला गप्प करायला अख्खं ऑपरेशन करावं लागलं. गळ्याची जखम भरली. जीव वाचला, आवाज मात्र परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मशिदीत बांग द्यायला माझ्या जागी टपालखात्यातून निवृत्त झालेला एक माणूस ठेवलाय. माणूस सज्जन आहे, पण घराचा नंबर सापडत नसल्यासारखा मध्येच थांबतो. त्याचा आवाज आला की मी खिडकी लावून घेतो. नमाज घरीच पढतो. शेजारचे शिंपीकाका रोज बोलवायला येतात आणि मी हातानंच नाही म्हणतो.

तुझ्यापासून काय लपवायचं? माझा जिक्र तुटलाय. चाळीस वर्षं अल्लाहचं नाव खणखणीत घेतलं. आता ओठ हलतात आणि नुसती हवा बाहेर येते. ती त्याच्यापर्यंत पोचते असं वाटत नाही. घर खायला उठतं.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझा अब्बा

ता. १९ फेब्रुवारी

ती. अब्बांच्या सेवेशी, सलाम वि. वि.

तुम्ही बोलत होतात तेव्हा घरात आम्हाला तोंड उघडायला मिळत नव्हतं, आणि आता पत्रातही तुमचीच तक्रार पुढे. तरी पत्र चार वेळा वाचलं.

माझं बरं चाललंय. हॉस्पिटलच्या धुलाईघरात दिवसभर चादरी इस्त्रीच्या यंत्रात सोडते. यंत्राच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही. कधी कधी सबंध दिवसात माझ्या तोंडून दहा शब्दही जात नाहीत. खोलीत एकच खुर्ची आहे, दुसरी घ्यायची गरज पडलेली नाही. रडू येतं, पण ते कुणाला सांगायचं म्हणून येता येता थांबतं.

इथे बांग ऐकू येत नाही. म्हणून वेळ झाली की चादरी सोडता सोडता मीच ती मनात देते, तुमच्या आवाजात. आणि ऐकणाऱ्यानं हळूच उत्तर द्यायचं असतं ना, तेही मीच देते. कुणाला कळत नाही, ओठसुद्धा हलत नाहीत. जिक्र म्हणजे आठवण, असं तुम्हीच शिकवलंत. आपण त्याची आठवण काढली की तो आपली काढतो, हेही. मग त्याला आवाज कशाला लागेल?

पण एक शंका छळते. मला आठवतो तो अल्लाह, की तुम्ही? बांग देताना तुम्हाला कोण आठवायचं, ते खरं खरं लिहा.

तब्येतीला जपा. लेकीवर रागावलात तरी तिला दुआतून वगळू नका.

तुमची मुन्नी

ता. ८ मार्च

चि. मुन्नीस, सलाम व पुष्कळ दुआ.

उत्तराला उशीर झाला. तीन वेळा कागद घेतला आणि फाडला. खरं खरं लिहा म्हणालीस ना, तर ऐक. बांग देताना मी माझा आवाज ऐकायचो. शेवटचं अक्षर गल्लीच्या टोकापर्यंत गेलं की नाही, लोक काय म्हणतील, इकडे लक्ष. सगळ्या मोहल्ल्याला अल्लाहची आठवण करून दिली आणि स्वतः विसरत राहिलो. आवाज गेल्याचं दुःख मी जिक्र तुटल्याचं म्हणून तुला लिहिलं. याची मला फार लाज वाटते.

काल दुपारी टपालवाल्याची बांग सुरू झाली आणि मी खिडकी उघडीच ठेवली. तो एकेक ओळ म्हणायचा आणि थांबायचा, तेवढ्यात मी ती मनात म्हणायचो. त्याचं ते थांबणं मला पहिल्यांदाच सोयीचं वाटलं. मग ‘नमाजला या’ अशी हाक आली. तुला ठाऊक आहे, तिथे तीच ओळ परत म्हणायची नसते. ऐकणाऱ्यानं म्हणायचं असतं, की अल्लाहशिवाय कुणाकडे काहीही ताकद नाही.

मुन्नी, ही हाक मी चाळीस वर्षं दिली. हाक देणाऱ्यावर हे उत्तर द्यायची पाळी येत नाही. काल माझ्यावर आली. गळ्यातून श्वाससुद्धा नीट निघत नव्हता, आणि उभ्या आयुष्यात तेवढं खरं मी काही बोललो नव्हतो. मी बराच वेळ रडलो.

तुझ्या शंकेबद्दल एवढंच सांगतो. माझ्या आवाजानं तुला दारापर्यंत आणलं असेल तर त्याचं काम झालं. त्याला आता तिथेच सोड आणि आत जा.

माझ्यावरचा लोभ थोडा कमी झाला तरी चालेल, पण दुआत मला धर. पत्र इथेच आवरतो, शिंपीकाका दारात उभे आहेत आणि आज मी चप्पल घातली आहे.

तुझा अब्बा