कोड पुन्हा पाठवा

रविवार, १२ फेब्रुवारी
दुपार

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा त्याच्या मर्जीप्रमाणे दुखतो. तूही बरी असशील. गेल्या मीटिंगमध्ये चेहरा जरा भरल्यासारखा दिसला, बरं वाटलं. ‘सूनबाई’ लिहिताना पेन थोडं अडखळलं, पण दुसरं काय लिहू? मीटिंगमध्ये तू मला ‘मॅडम’ म्हणतेस. कामाच्या माणसाने सगळ्यांसमोर तसंच म्हणायचं असतं, ते कळतं मला. तरी दर वेळी मनात येतं, ही हाक कोणाला मारते आहे?

आठवड्यातून दोनदा पडद्यावर दिसणारी बाई पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. एक तर मीटिंग तू रेकॉर्ड करतेस. दुसरं कारण पुढे येईलच.

आधी संस्थेची खबरबात. आजाऱ्यांच्या घरी खाटा आणि चाकाच्या खुर्च्या पोचवणारी आपली दोन खोल्यांची संस्था, ती कधी घरबसल्या चालेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तू मनावर घेतलंस म्हणून झालं. मास्तर परवा दहा मिनिटं पोटतिडकीने बोलले आणि सगळे माना डोलावत राहिलो. शेवटी ते म्हणाले असावेत, ‘मग काय ठरलं?’, तेव्हा कोणीतरी सांगितलं की मास्तर, तुम्ही म्यूटवर आहात. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खजिनदार प्रत्येक फाइल छापून कपाटात ठेवतात. ‘वीज गेली तर?’ म्हणतात. वीज गेली तर प्रिंटर कसा चालेल, हे त्यांना विचारायची आमची हिंमत नाही.

पण आपली काकू, फोनवर बसणारी, आता नवऱ्याच्या उशाशी बसून फोन घेते. म्हणाली, ‘इतकी वर्षं लोकांच्या पेशंटसाठी आपला पेशंट एकटा टाकून यायचे. तुमच्या त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.’ सांगते आहे. ‘तुमच्या मुलीला’ म्हणाली. मी काही दुरुस्त केलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते. अर्धं सामान नव्या घरात, अर्धं जुन्या घरात, अशी आपली गत झाली आहे, असं तू सारखं सांगतेस. संस्थेच्या याद्यांचं जुनं ऑनलाइन खातं माझ्या लेकाने उघडलं होतं. मालक म्हणून त्याचंच नाव, त्याचाच फोन नंबर. तिथल्या याद्या हलवायच्या तर त्या नंबरवर येणारा कोड लागतो. तू खाली बघत विचारलंस, ‘मॅडम, तो नंबर बंद झाला असेल ना?’ मी म्हटलं, हो, केव्हाच. मग तू म्हणालीस, तसं असेल तर कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवावा लागेल. मी म्हटलं, शोधते.

दाखला शोधायला नकोच होता. तो कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता येईल. आपल्या हाताने तो पाठवायला मन धजलं नाही, एवढंच खरं.

त्यात गुरुवारी नको ते झालं. मास्तरांनी जुन्या यादीवरून एका घरी खाट कबूल केली आणि काकूने नव्या यादीवरून तीच खाट दुसऱ्या घरी. टेंपो पहिल्या घरी गेला. दुसऱ्या घरची मुलगी ऑफिसात आली तेव्हा मी एकटीच होते. भांडली असती तर बरं झालं असतं. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाबांना खाली गादी घातलीय. उचलताना ओरडतात हो ते.’ शुक्रवारी एक खाट परत आली, ती आधी तिच्याकडे पोचवली. पण ती रात्र त्या माणसाने जमिनीवर काढली. सगळ्यांनी खापर सिस्टीमवर फोडलं. सिस्टीमचा काय दोष? दोष माझा होता.

आणि तो चोर. रोज दुपारी जुन्या खात्यात कोणीतरी शिरू बघतं, पुन्हा पुन्हा कोड मागवतं, म्हणून तू किती घाबरलीस. सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावलेस. मास्तरांनी आपला नवा पासवर्ड भर मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवला, त्या दिवशी नेमके ते म्यूटवर नव्हते.

बाळा, चोर मी आहे.

नंबर बंद झालेला नाही. तीन वर्षं मी तो चालू ठेवला आहे. तू हे घर सोडून जाताना सांगितलं होतंस, ‘आई, तो फोन बंद करून टाका, त्रास होईल तुम्हाला.’ मी हो म्हटलं आणि रोज चार्ज करत राहिले. त्यावर काही येत नव्हतं गं. ओळखीच्या सगळ्यांना कळलेलं, जाहिरातीसुद्धा थांबल्या होत्या. आणि मग तुझ्या कामाच्या पहिल्याच आठवड्यात तो वाजला. त्याने मेसेजसाठी ती शिट्टी लावली होती ना, जिना चढताना घालायचा तशी. मी भाजी चिरत होते. हातातलं टाकून मी आधी दाराकडे धावले. फोनकडे नाही, दाराकडे. कडी काढली, जिन्यात डोकावले, मग भानावर आले.

फोन उजळला होता. त्यावर तुमचा दोघांचा फोटो आणि फोटोवर सहा आकडे.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडला आणि त्याच्या नावाने आत जायला गेले. खाली लिहिलेलं असतं, ‘कोड पुन्हा पाठवा’. दाबलं. शिट्टी वाजली. तेव्हापासून रोज जेवण झालं की मी ते दाबते. कधी कधी इतक्यांदा, की खातंच वैतागून म्हणतं, आता उद्या या. मला आत जायचंच नव्हतं. शिट्टी ऐकायची होती. याद्या हलल्या की ती कायमची थांबणार, म्हणून मी तुझं काम अडवून धरलं. माझ्या पोरासाठी दुसऱ्या कोणाचा बाप जमिनीवर झोपला, हे काही मला पेलत नाही.

गेल्या सोमवारी मीटिंगमध्येही तो वाजला. तूच कोड मागवून बघत असशील. तू बोलता बोलता थांबलीस, ‘कुठे काही वाजलं का?’ म्हणालीस. मास्तर म्हणाले, आमचा कुकर असेल. मी घाईघाईने स्वतःला म्यूट केलं. तुझा चेहरा मात्र पाहिला. तुझ्या कानांनी ओळखली होती ती शिट्टी. मीटिंग संपेपर्यंत तू नीट बोलली नाहीस.

आता तेही लिहिते जे लिहायचं टाळत होते. त्याच मीटिंगच्या शेवटी तुझ्या मागून कोणीतरी विचारलं, ‘चहा टाकू का तुझा?’ पुरुषाचा आवाज. तूही घाईघाईने म्यूट केलंस.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? दोन दिवस घास गोड लागला नाही, तुझा रागही आला. मग हळूहळू उमगलं की राग चहाचा नव्हता. माझ्यापासून तुला ते लपवावं लागलं, त्याचं दुःख होतं. एका मीटिंगमध्ये बसून दोघी एकमेकींपासून आवाज लपवत होतो आपण. तू जिवंत माणसाचा आणि मी गेलेल्याचा.

आवाज चांगला आहे त्यांचा. विचारण्यात घाई नव्हती.

हे पत्र मिळालं की मला फोन कर, दुपारी. मी त्याचा फोन समोर घेऊन बसेन. तू बटण दाब. शिट्टी वाजेल, तुलाही ऐकू येऊ दे. तेवढी एकदा आपण दोघी मिळून ऐकू. मग मी आकडे वाचून दाखवीन, चष्मा पुसून नीट वाचीन. तू याद्या हलव आणि मालकाच्या जागेवरून त्याचं नाव काढ. मी रडले तर थांबू नकोस, कोडची मुदत लगेच संपते.

नंबर त्यानंतर मी स्वतः बंद करीन. आणि पुढच्या मीटिंगमध्ये कोणी चहा विचारला तर मोकळ्या आवाजात हो म्हण.

मीटिंगमध्ये ‘मॅडम’ म्हटलंस तरी चालेल. त्या दुपारी फोनवर मात्र,

तुझी
आई